एक जुलैच्या तिघी बहिणी

माझ्या आईला आणि तिच्या दोन बहिणींना वाढदिवसाचे फोन एकाच दिवशी येतात, एक जुलैला. तिघी तिळ्या नाहीत. मोठी मावशी आईहून दीड-दोन वर्षांनी मोठी, लहान मावशी तेवढीच लहान. पण तिघींच्या शाळेच्या दाखल्यावर, पेन्शनच्या कागदांवर, आधार कार्डावर तारीख तीच. साल तेवढं वेगळं. दर एक जुलैला सकाळी तिघी एकमेकींना फोन लावतात आणि तिघींचेही फोन एंगेज लागतात.

हे सगळं घडलं आजोबांमुळे. ते भंडाऱ्याकडून रायपूरला रेल्वेत खलाशी, म्हणजे हाताखालचा कामगार, म्हणून आले. त्या काळी इथली शाळा एक जुलैला उघडायची. आजोबांना सुट्टी मिळाली एकच दिवस, म्हणून तिन्ही पोरींना एकदमच घेऊन गेले. गुरुजींनी जन्मतारीख विचारली. आजोबा म्हणाले, “मोठी ही, मधली ही, लहान ही.” गुरुजींनी पुन्हा विचारलं. आजोबांनी पुन्हा तेच सांगितलं, फक्त आवाज जरा चढवून. मग गुरुजींनी तेव्हाची परीक्षा घेतली. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडता आला की पोर सहा वर्षांचं. मोठीने पकडला, मधलीने, म्हणजे आईने, पकडला. लहान मावशीचा हात काही कानापर्यंत पोचेना. तेव्हा आजोबांनी तिचं डोकंच हाताकडे वाकवलं. कान सापडला. गुरुजींनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यातली त्या दिवसाची तारीख पाहिली, तीच तिघींच्या नावांपुढे लिहिली आणि सालं अंदाजाने टाकली.

त्यामुळे लहान मावशी सरकारी कागदावर खऱ्या वयापेक्षा मोठी आहे. ती भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क होती. रिटायर झाली त्या दिवशी निरोपाच्या भाषणात तिने सांगून टाकलं होतं, “मी अजून म्हातारी झाली नाही, माझं डोकं वाकवलं होतं.” समोर बसलेल्या कुणालाच काही कळलं नाही.

आई नर्स होती. अभनपुरकडच्या खेड्यांमध्ये सायकलने फिरून तिने बाळंतपणं केली. ज्या बाईने शेकडो पोरांच्या जन्माची वेळ मिनिटासकट रजिस्टरात लिहिली, तिला स्वतःचा जन्म कधीचा ते माहीत नाही, ही गोष्ट तिला आयुष्यभर टोचायची. पण ती रडगाणं गाणाऱ्यातली नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या की म्हणायची, “माही नाही, गुरुजीची तारीख आहे ते. त्याइले सांगा हॅपी बर्थडे.”

यंदा जूनच्या मध्यात अभनपुरहून मोठ्या मावशीचा फोन आला. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, आता एकटीच राहते. म्हणाली, “मी एक तारखेच्या आधी तुमच्याकडे येऊन राहिली. लहानीले पण बोलाव. आता सत्तरीले टेकलो आपन, एकदा तरी तिघी मिळून करू.”

“काय करू?” आईने विचारलं.

“वाढदिवस!”

“अवं, पण तो आपला वाढदिवस थोडाच आहे?”

आणि मग आईने चौबे कॉलोनीतल्या आमच्या स्वयंपाकघरात, हातात लाटणं धरून, एक जुलै आपली तारीख नाहीच हे सिद्ध करून दाखवलं. आजी सांगायची की धम्मदीक्षेला ती नागपूरला गेली तेव्हा मोठी कडेवर होती आणि मधली पोटात. दीक्षा झाली छप्पनच्या चौदा ऑक्टोबरला. आई फोनवर बोटं मोजत म्हणाली, “मायले ऑक्टोबरातच समजलं होतं, म्हणजे कमीत कमी तिसरा महिना. त्या काळी काही मशीन नव्हती, दोन पाळ्या चुकल्याशिवाय बाईले समजे नाही. मग मी झाली मे सरायच्या आत. जुलै कुठून आला?”

मोठ्या मावशीने विचारलं, “अन् मी?”

“तू कडेवर होती. कडेवरच्या पोरीचा हिशोब मले येत नाही.”

फोन स्पीकरवर होता. माझी कॉलेजात जाणारी मुलगी टेबलाशी बसून पोहे खात होती. तिला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच देते. ती म्हणाली, “तो नानी, नई डेट चुन लो ना! फ्री में मिल रही है.”

झालं. त्या एका वाक्याने पुढचे पंधरा दिवस घरात नुसता धिंगाणा. लहान मावशीलाही व्हिडिओ कॉलवर घेतलं. तिघींच्या डोक्यात एकच भूत शिरलं की आपली तारीख आपणच निवडायची. लहान मावशीने लगेच एक जानेवारी मागितली, साऱ्या जगात फटाके उडतात म्हणून. मोठी म्हणाली, थंडीत मले वाढदिवस नको, गुडघे दुखतात. आईला मी सुचवलं, बारा मे घे, नर्स दिवस असतो. तिने साफ नकार दिला.

“ती दुसऱ्या नर्सच्या जन्माची तारीख आहे. दुसरीची कशी घेऊ?”

मी नवा रायपूरला मंत्रालयात बसते. रोज सकाळी बसमध्ये पाऊणएक तास जातो. त्या वेळात मला एक खूळ लागलं. मी म्हटलं, नवी तारीख शोधण्याआधी जुनीची तर नीट ओळख करून घेऊ. एक जुलैला जगात काय काय घडलं ते मी फोनवर शोधून एका वहीत उतरवू लागले. शेजारी बसणारी दीदी दोन दिवस पाहत होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, “कोई एग्ज़ाम दे रही हो क्या?” मी म्हटलं, “हव, माँ का बर्थडे है.” तिला ते पटलं की नाही माहीत नाही, पण ती खिडकीकडे सरकून बसली.

मोठी मावशी सत्तावीस जूनलाच येऊन धडकली, सोबत दोन पिशव्या चिरोंजी, म्हणजे चारोळी, आणि एक फोल्डिंगची काठी. लहान मावशी एकोणतीसला भिलाईहून लोकलने आली. त्या संध्याकाळी चहाच्या वेळी मी वही काढली.

“ऐका,” मी म्हटलं. “अठराशे अठ्ठावन्न, एक जुलै. पृथ्वीवरचे जीव कसे बदलत बदलत इथवर आले, तो निबंध लंडनमध्ये पहिल्यांदा वाचला गेला. दोघांनी लिहिलेला होता आणि दोघंही तिथे हजर नव्हते.”

“मग वाचला कोन?” लहान मावशीने विचारलं.

“दुसऱ्यांनीच.”

“आपल्यासारखंच झालं,” आई म्हणाली. “आपल्या जन्माच्या वेळीही आपन हजर नव्हतो, गुरुजीच होते.”

मोठी मावशी इतकी हसली की तिच्या बशीतला चहा साडीवर सांडला. त्यानंतर मी काय वाचतेय याच्याशी हसण्याचा संबंध उरला नाही. मी म्हटलं, अठराशे सदुसष्टला कॅनडा देश झाला. तिघी हसल्या. मी म्हटलं, बासष्टला आफ्रिकेतले दोन देश एकाच दिवशी स्वतंत्र झाले, रवांडा आणि बुरुंडी. लहान मावशी म्हणाली, “पाह्य, त्याइलेही एकाच दिवशी शाळेत नेलं!” आणि पुन्हा तेच. एकोणऐंशीला जपानमध्ये खिशात घालून गाणी ऐकायचा टेपरेकॉर्डर विकायला आला. सत्त्याण्णवला इंग्रजांनी हाँगकाँग चीनला परत दिलं. इकडे आपल्याकडे जीएसटी एक जुलैलाच लागला, नवे फौजदारी कायदेही एक जुलैलाच लागले.

“म्हंजे आपल्या वाढदिवसाले सरकारले काही ना काही सुचतेच,” मोठी मावशी म्हणाली.

“आणि डॉक्टर्स डे,” मी वाचलं.

आईने कप खाली ठेवला. “डॉक्टरांचा? अन् आयुष्यभर बाळंतपणं मी केली! डॉक्टर महिन्यातून एकदा जीपने येऊन सही करून जाये.”

तेवढ्यात मी पुढची ओळ वाचून टाकली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोम नदीकाठची ती मोठी लढाई एक जुलैला सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी हजारो तरुण पोरं मेली. हे वाचायला नको होतं असं मला लगेच वाटलं. आई म्हणाली, “त्याइच्या नर्सा असतीन ना. त्याइले त्या दिवशी जेवायलेही भेटलं नसन.” तिने तेवढंच म्हटलं आणि स्वतःच विचारलं, “पुढचं वाच. अजून काय आहे?”

शेवटची एकच ओळ उरली होती. “एकोणीसशे तीन. फ्रान्समधली ती जगप्रसिद्ध सायकल शर्यत, दरवर्षी टीव्हीवर दाखवतात ना, ती पहिल्यांदा सुरू झाली एक जुलैला.”

आई उठून उभी राहिली.

“सायकलची?”

“हो.”

“एक जुलैले?”

“हो, आई.”

“बायका होत्या काय त्याच्यात?”

“नाही. सगळे पुरुष.”

आईने पदर खोचला. जिन्याखाली तिची जुनी लेडीज सायकल दहा वर्षांपासून उभी होती, तिच्यावर रद्दीचे गठ्ठे आणि एक फाटकी ताडपत्री. पाच मिनिटांत रद्दी अंगणात आली. आईने हँडल धरून घंटी वाजवली. गंजलेली घंटी कर्र करून थांबली. पण आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या कुठल्याच वाढदिवसाला पाहिलं नव्हतं. “मले दुसरी तारीख नको,” ती म्हणाली. “हीच ठेवू. अन् शर्यत लावू.”

“कोनाकोनाची?” मोठ्या मावशीने काठीवर भार देत विचारलं.

“आपल्या तिघींची.”

“मले सायकल येत नाही, तुले माहीत आहे.”

हे खरं होतं. रेल्वे कॉलनीत आजोबांची एकच सायकल होती. आई आणि लहान मावशी त्यावर दांडीखालून पाय घालून शिकल्या. मोठीला मात्र आजोबांनी कधी हात लावू दिला नाही, कारण तिचं लग्न लवकर ठरलं होतं आणि पडली-बिडली तर काय सांगायचं. तिने पुढे तीस वर्षं शाळेत शिकवलं, शाळेत रोज पायी गेली.

“मग तू पंच,” लहान मावशी म्हणाली, आणि तेवढ्यावर ते थांबलं असं आम्हाला वाटलं.

तीस जूनचा अख्खा दिवस तयारीत गेला. समता कॉलोनीच्या तोंडाशी सायकलचं दुकान आहे. तिथल्या भैयाने आईच्या सायकलीला नवे टायर-ट्यूब टाकले, चेनला ऑइल घातलं आणि विचारलं, “माताजी, चलाएगा कौन?” आई म्हणाली, “मैं, और कौन?” त्याने ब्रेक पुन्हा एकदा तपासले. लहान मावशीला माझ्या मुलीची सायकल मिळाली, गिअरवाली, पुढे जाळीची टोपली. गिअर म्हणजे काय हे तिला माझ्या मुलीने अर्धा तास समजावलं. मावशीने शेवटी सांगितलं, “एकावर टाकून दे अन् हात नको लावू.”

एक जुलैला सकाळी सहाला आम्ही फाटकाबाहेर. रात्री पाऊस पडून गेला होता, रस्ता ओला पण आकाश उघडलेलं. मुलीने रांगोळीने रस्त्यावर आडवी रेघ मारली. इथून निघायचं, समता कॉलोनीतल्या दातांच्या दवाखान्यापर्यंत जायचं, तिथे पाटीला हात लावायचा आणि परत. आई सलवार-कुर्त्यात आणि पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत, लहान मावशी साडीत, निऱ्या वर खोचून, खाली माझ्या मुलीचा ट्रॅकसूट. मोठी मावशी खुर्चीवर, काठी आडवी धरून. शिट्टी नव्हती, म्हणून मी स्टीलचं ताट आणि चमचा घेतला.

मॉर्निंग वॉकला निघालेले तीन-चार काका थांबले. त्यांतल्या एकाने विचारलं, “कोई प्रोग्राम है क्या?”

“रेस है,” मुलीने सांगितलं. “एक जुलाई वाली.”

त्यांना ते पटलेलं दिसलं. ते बाजूला उभे राहिले. मी ताट वाजवलं.

सुरुवातीला दोघी इतक्या हळू निघाल्या की काका त्यांच्यासोबत चालत गेले असते तरी चाललं असतं. मग वळणावर आईला आपल्या पायांची जुनी ओळख पटली. ती सीटवरून थोडी उठली, आणि दोघी नजरेआड झाल्या. आम्ही उभे. एक मिनिट, दोन, पाच. दोघींची हाडं काय वयाची आहेत ते मला त्या क्षणी आठवलं.

आधी आली लहान मावशी. टोपलीत कुणाचंतरी जास्वंदीचं फूल, चेहरा लालबुंद, घंटी सतत चालू. रेघ ओलांडून ती फाटकाला धडकली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, “जिंकली! मी जिंकली!”

“अन् मधली?” मोठी मावशी खुर्चीवरून उठली.

“येते ना मागून.”

आई आली दोन मिनिटांनी, सायकल हातात धरून, पायी. दोन्ही हात काळेकुट्ट, नाकावरही काळा पट्टा. चेन उतरली होती. ती इतकी हसत होती की तिला बोलता येत नव्हतं. शेवटी तिने बोट दाखवलं. “ही दवाखान्यापर्यंत गेलीच नाही! मंदिराच्या गल्लीतून पलटली! मी पाहिलं!”

“दवाखाना बंद होता,” लहान मावशी म्हणाली.

“पाटी तर होती!”

“पाटीपाशी कुत्रा बसला होता!”

दोघी मोठ्या मावशीकडे वळल्या. पंचाने निकाल द्यायचा होता. मॉर्निंग वॉकचे काकाही निकालासाठी थांबले होते. मोठ्या मावशीने दोघींकडे पाहिलं, मग आईच्या सायकलीकडे पाहिलं आणि म्हणाली, “निकाल नंतर. आधी मले बसवा.”

आईने कुर्त्याला हात पुसले, चेन चढवली. लहान मावशीने काठी घडी करून टोपलीत टाकली. मोठ्या मावशीला सीटवर बसवायला तिघी लागलो. मी एका बाजूने, लहान मावशी दुसऱ्या बाजूने, आईने मागून कॅरिअर धरलेलं. मावशीने हँडल इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली.

“खाली नको पाहू,” आई म्हणाली. “समोर पाह्य.”

“पैडल कुठं आहे?”

“पायाखाली आहे, बाई! मार!”

पहिल्या खेपेला ती कुंपणात गेली. दुसऱ्या खेपेला काकांच्या अंगावर, पण काकांनी सांभाळून घेतलं आणि “कोई बात नहीं, दीदी” म्हणाले. तिसऱ्या खेपेला आईने पळता पळता हात सोडला आणि कुणालाच सांगितलं नाही. मोठी मावशी एकटीच दोन घरं, तीन घरं, चार घरं पुढे गेली. मागून आई ओरडत होती, “धरून आहे मी, धरून आहे!” आणि धरलेलं काहीच नव्हतं. मुलगी ताट बडवत होती. मला रडू येत होतं की हसू, ते मला आजही सांगता यायचं नाही. त्या सकाळी मला ऑफिसला जायला उशीर झाला, पहिल्यांदाच. आणि पहिल्यांदाच मी कारण न लिहिता रजेचा अर्ज पाठवला.

मोठ्या मावशीला परतीचं तिकीट बदलावं लागलं. ती आठवडाभर थांबली. रोज सकाळी सहाला आईला उठवायची. तिसऱ्या दिवशी तिचं कॅरिअर कुणी धरायची गरज उरली नाही. पाचव्या दिवशी तिने चष्मा दोरीने बांधून घेतला.

रविवारी सकाळी मी पोळ्या करत होते. आई विहारात वंदनेला जायची तयारी करत होती. जिन्याखाली पाहिलं तर सायकल नाही. मोठी मावशीही नाही. लहान मावशी भिलाईहून पुन्हा आली होती, ती फाटकापर्यंत जाऊन आली. रस्ता रिकामा. आईने फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. मग मोठ्या मावशीचाच फोन आला. मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

“कुठं आहेस, बाई?” आई ओरडली.

“स्टेशनच्या रस्त्यावर.”

“तिथं काहून गेली?”

“गेली नाही,” मोठी मावशी म्हणाली. तिचा आवाज चौदा वर्षांच्या पोट्टीसारखा होता, धापा टाकणारा, आनंदाने फुटणारा. “सरळ जाता येते मले आता. मस्त जाता येते. वळताच येत नाही. म्हनून सरळच जात राहिली. तुम्ही घ्यायले या!”

आम्ही तिघी गॅस बंद करून, आहे त्या चपला घालून निघालो.